झाकलेला आकडा

ओट्यावरच्या कपाटांची दारं बंद होती, आणि सगळं तिथून बिघडलं.

आता कुणी म्हणेल, कपाटाची दारं बंद असणं हा काय घर बिघडण्याचा विषय झाला? ज्यानं हे घर पाहिलं नाही त्यानंच असं म्हणावं. लग्न झाल्यापासून या स्वयंपाकघरातली दारं उघडीच असत. नवरा कप काढायचा, एक दार उघडं. साखर काढायचा, दुसरं दार उघडं. काही काढायचं नसलं तरी आत डोकावून बघायचा आणि तिसरं उघडं टाकून निघून जायचा. बायको भाजी चिरून मान वर करायची की दाराचा कोपरा थेट कपाळावर. "दारं लावताना हात झिजतात का रे तुझे?" ती ओरडायची. "बघून चालायला डोळे झिजतात का तुझे?" तो तिकडून ओरडायचा. मग ती एकेक दार आपटून लावायची, तो चहा गाळायचा, आणि दोघं एकाच गाडीत बसून एकाच प्रयोगशाळेत कामाला जायची. संसार अगदी सुरळीत चालला होता.

ती भौतिकशास्त्रातली. पन्नाशीला टेकलेली, केसांना रंग न लावणारी, आणि तोंडानं अशी फटकळ की समोरच्यानं आधी आपली चूक शोधावी आणि मग तिच्यापुढे उभं राहावं. प्रयोगशाळेत तिला तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे तोफ. तिला दोन्ही माहीत होतं आणि दुसरं तिला जास्त आवडायचं. नवऱ्याचं नाव पडलं होतं मुनी, कारण बायकोशी भांडण सोडलं तर तो फारसं बोलतच नसे. मोजमापांचे प्रोग्रॅम तो लिहायचा. यंत्र आणि त्यातून निघणाऱ्या आकड्यांची छाननी तिच्याकडे. छाननीत तिच्या जोडीला एक तरुण संशोधक होती, तिला सगळे शंका म्हणत, कुणी नुसतं "आज उकडतंय" म्हणालं तरी ती विचारायची, "कशावरून?" आणि या सगळ्यांच्या वर सर होते. सर विद्वान, सज्जन, आणि वाद म्हटला की त्यांच्या पोटात गोळा यायचा.

प्रयोग कशाचा, तर इलेक्ट्रॉन गोल आहे की नाही, याचा. हसू नका. सासूबाईही आधी हसल्या होत्या. "गोल असला तर काय आणि चपटा असला तर काय, त्याला काय बोहल्यावर उभं करायचंय?" असं त्या म्हणाल्या होत्या. तेव्हा सुनेनं भाजी निवडता निवडता त्यांना सांगितलं होतं: तो जर एका बाजूला अगदी किंचित झुकलेला निघाला, तर जगात मुळात काहीतरी आहे ते का आहे, पदार्थ आणि त्याचं उलटं जुळं एकमेकांना खाऊन नुसता उजेड का उरला नाही, याचा धागा हाती लागेल. सासूबाई म्हणाल्या, "मग नीट बघ बाई." तेव्हापासून रोज संध्याकाळी दारातच त्यांचा प्रश्न ठरलेला, "काय गं, झुकला का?"

नीट बघायचं म्हणजे तळघरात. वर रस्त्यावरून अवजड गाडी गेली तरी खाली लेसरचा ठिपका हलायचा, म्हणून जाड भिंतींच्या, खिडकी नसलेल्या खोलीत एक लांबलचक पोलादी नळी, आतली हवा पंपांनी ओढून काढलेली, आणि त्या पोकळीतून जाणारे जड रेणू. त्या पंपांची घरघर बायकोच्या कानात इतकी बसली होती की सुट्टीच्या दिवशी शांततेनं तिचं डोकं दुखायचं. मुलगी पहिलीत होती तेव्हा हे यंत्र उभं राहिलं. आता मुलगी दुसऱ्या शहरात कॉलेजात होती, आणि यंत्र अजून इथेच होतं.

आता खरी मेख सांगायची ती झाकणाची. ते कळलं की पुढचं सगळं कळेल.

माणूस मोठा लबाड प्राणी आहे, आणि शिकलेला माणूस दुप्पट. हवा तो आकडा समोर आला की तो तपासणं थांबवतो आणि नको तो आला की चूक सापडेपर्यंत खणत बसतो. दोन्हीकडे तो मनापासून प्रामाणिक असतो, हीच तर गंमत. म्हणून या लोकांची एक रीत आहे. यंत्र स्वतःच एक गुप्त आकडा निवडतं आणि खऱ्या मापात मिसळून टाकतं. पडद्यावर जे दिसतं ते खोटं असतं, आणि किती खोटं, हे कुणालाच माहीत नसतं. सगळ्या चुका शोधून झाल्या, सगळे निर्णय घेऊन झाले, आता एक अक्षर बदलणार नाही असं सर्वांनी कबूल केलं, की मगच सगळ्यांसमोर तो गुप्त आकडा वजा करायचा. त्याला ते झाकण उघडणं म्हणत. एकदा उघडलं की उघडलं. आत काय आहे ते आधी दिसलं तर पुढच्या प्रत्येक निर्णयावर त्याची सावली पडणार, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात.

ही बाई त्या एका क्षणासाठी जगत होती. ते ती कुणापुढे बोलली नसती, पण नवऱ्याला ठाऊक होतं. उत्तर हवं होतंच, त्याहून तिला ते न कळता त्याच्यापुढे उभं राहायचं होतं. आत काहीही असू शकतं, अशा स्थितीत एकदा पडद्याकडे बघायचं होतं. बाकी आयुष्यात कुठे मिळतं असं? लग्नात नाही, बाळंतपणात नाही, सगळीकडे कुणी ना कुणी आधी सांगून ठेवलेलंच असतं.

झाकणाला दोन किल्ल्या होत्या. अर्धा परवलीचा शब्द तिच्याकडे, अर्धा सरांकडे. आणि कुलूप बनवलं होतं मुनीनं. आता कुलूप करणाऱ्याला किल्ली कशाला लागते, हा प्रश्न शंकेलासुद्धा कधी पडला नव्हता.

तर त्या सकाळी दारं बंद होती. पहिल्या दिवशी तिला वाटलं, सासूबाईंनी लावली असतील. दुसऱ्या दिवशीही बंद. चहा कपात ओतून झाकून ठेवलेला. गाडीची किल्ली जागेवर. ओला टॉवेल, जो गेली कित्येक वर्षं पलंगावर पडायचा, तो दोरीवर. ती सवयीनं भांडण काढायला गेली, "वीजबिल भरायचं राहिलं ना?" तो म्हणाला, "भरलं. तू बस जरा." आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून गेला.

सासूबाईंनी चष्म्यावरून मुलाकडे पाहिलं. "अगं," त्या सुनेला हळूच म्हणाल्या, "हा फारच शहाणा झालाय हल्ली. लहानपणी हा असा शहाण्यासारखा वागला की मी आधी घरभर बघायची, काय फोडून ठेवलंय ते."

सूनबाई हसली. पण ते वाक्य तिच्या डोक्यात रुतलं.

त्याच आठवड्यात नोकरीचा विषय निघाला. दूरच्या एका विद्यापीठानं तिला बोलावलं होतं: स्वतःची प्रयोगशाळा, स्वतःची माणसं, आणि वर उजेड असलेली खोली. तिनं त्यांना सांगितलं होतं की झाकण उघडल्याशिवाय मी हलणार नाही. ते थांबायला तयार होते, पण जन्मभर नाही. इतके दिवस नवरा म्हणायचा, "तुझं तू ठरव, माझ्या डोक्याला ताप नको." आता तो जेवता जेवता म्हणाला, "घेऊन टाक ना ती नोकरी. किती दिवस त्या तळघरात बसशील? या प्रयोगानं तुला काय दिलं?"

तिनं घास खाली ठेवला. "काय दिलं म्हणजे?"

"म्हणजे, तुझ्या तब्येतीचंही बघायला हवं," तो म्हणाला आणि तिच्या ताटात वाढायला लागला.

ज्या बाईनं जन्मभर केसाच्या हजाराव्या भागाहून बारीक फरक शोधले, तिच्यासमोर हा एवढा ढळढळीत फरक येऊन बसला होता, आणि ती आठवडाभर त्याला नवऱ्याचं प्रेम समजत होती. नंतर तिला सगळ्यात जास्त चीड आली ती याची.

दुसऱ्या दिवशी तिनं प्रयोग केला. सवयच ती. प्रयोगशाळेत चारचौघांत ती नवऱ्याला म्हणाली, "तुझा तो नवा प्रोग्रॅम म्हणजे शुद्ध कचरा आहे. पहिल्या वर्षाच्या पोरानं याहून बरा लिहिला असता." एरवी या वाक्यावर मुनीचं मौन सुटलं असतं आणि तळघराचं छत उडालं असतं. तो नुसता म्हणाला, "असेल. बघतो."

खोलीतल्या सगळ्यांनी मान खाली घातली. शंकेला वाटलं, दोघांचं काहीतरी बिनसलंय. ताई मात्र त्याच्याकडे बघत राहिली. हा माणूस मला सांभाळतोय, तिच्या लक्षात आलं. एखाद्याच्या घरी वाईट बातमी आलेली असते आणि त्याला अजून सांगितलेली नसते, तेव्हा लोक असे वागतात.

आणि मग ती बातमी कोणती, हे समजायला काय अक्कल लागते?

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं पर्स टेबलावर टाकली. सासूबाई दारात प्रश्न घेऊन उभ्या होत्या, त्यांना ती म्हणाली, "आई, तुम्ही जरा बाहेरच्या खोलीत बसा, आणि टीव्ही मोठा लावा." सासूबाईंनी तिचा चेहरा पाहिला आणि निमूट गेल्या. टीव्ही मात्र लावला नाही.

नवरा ओट्यापाशी पाणी पीत होता. मागे सगळी दारं बंद.

"झाकण उघडलंस तू," ती म्हणाली.

त्याच्या हातातला पेला तसाच राहिला. तो वळला, तोंड उघडलं, आणि तिनं हात वर केला. "थांब. एक शब्द बोलू नकोस. आणि तोंड तिकडे कर. फ्रिजकडे. माझ्याकडे बघू नकोस."

"अगं, ऐक तरी..."

"फ्रिजकडे तोंड कर म्हटलं ना."

तो वळला. फ्रिजवर मुलीचा शाळेतला फोटो चिकटवलेला होता, त्याच्याकडे बघत उभा राहिला.

"उघडलंस की नाही, एवढंच सांग. आत काय होतं ते सांगायचं नाही. आवाज सपाट ठेव."

"उघडलं," फ्रिजकडे बघत तो म्हणाला.

"का?"

"तुझ्यासाठी. मला वाटलं, तुला नोकरीचं ठरवायला... म्हणजे जर आत..."

"गप्प!" तिचा आवाज असा फुटला की बाहेर सासूबाईंच्या हातातली वाटी खाली पडली. "'जर' म्हणालास तरी मला कळतंय, 'पण' म्हणालास तरी कळतंय. तू श्वास घेतलास तरी मला कळतंय, कळतंय का तुला? सगळं घर मला सांगतंय. दारं सांगतायत, टॉवेल सांगतोय. तू मला चहा झाकून दिलास, मेल्या. जन्मात कधी झाकून दिला होतास?"

त्यानं मान हलवली. ती हो अशी होती की नाही अशी, हे तिनं पाहिलंच नाही. तिनं डोळे मिटून घेतले होते. अशी भांडणं जगात फार होत नसतील. एकजण भिंतीकडे तोंड करून उभा, एक डोळे मिटून, आणि ज्याच्यावर आरोप त्याला बचाव करायची सोय नाही, कारण बचाव केला तरी गुन्हा वाढतो. त्याला सांगायचं होतं की तुझी इतकी वर्षं फुकट जाताना मला बघवत नव्हतं. पण 'फुकट' हा शब्द तोंडातून निघाला असता की संपलं. तो बिचारा शब्द गिळत राहिला.

"माझ्यावर दया कर, असं मी म्हणाले होते का?" ती म्हणाली. आता आवाज खाली आला होता आणि तो जास्त वाईट होता. "मला वाईट वाटलं असतं तर वाटलं असतं. माझं होतं ते वाईट वाटणं. माझ्या वाटणीचं. ते तू आधी चाखून बघितलंस, कडू आहे का म्हणून. लहान पोराचं औषध चाखतात तसं. मी लहान पोर आहे?"

तो फोटोकडेच बघत राहिला. 

"इतक्या वर्षांत मला एकच गोष्ट बघायची होती," ती म्हणाली, "आणि ती मी कपाटाच्या दारावर बघितली."

बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, नेमकं फोडलंय तरी काय यानं?" 

दुसऱ्या दिवशी सकाळी ती थेट सरांच्या खोलीत गेली, शंकेला सोबत घेऊन. मुनी मागे दारात उभा. तिनं जे झालं ते सरळ सांगितलं, आडपडदा न ठेवता. सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला.

"हे बघा," ते म्हणाले, "चूक झाली, मान्य. पण यांनी एकट्यानं पाहिलं. तुम्हाला आकडा सांगितलेला नाही. मग ही गोष्ट आपल्या चौघांत राहू द्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढच्या महिन्यात ठरल्याप्रमाणे झाकण उघडू, आनंदानं उघडू."

"सर, यानं मला आकडा सांगितला नाही, पण मला माहीत आहे."

"अंदाज आहे तुमचा."

शंकेनं इथे तोंड उघडलं. "ताई, अंदाज किती पक्का?"

"मी तुझ्यासमोर उभंही राहू नये, इतका पक्का," ताई म्हणाली. "माझ्याकडे बघून तुलाही कळेल. दोन दिवस माझ्याबरोबर डबा खा, तिसऱ्या दिवशी तुला कळलेलं असेल. हे सर्दीसारखं आहे. याच्याकडून मला, माझ्याकडून तुला, तुझ्याकडून सगळ्यांना. आजपर्यंतची सगळी मापं बाद."

सर उभे राहिले. "अहो, एवढ्या वर्षांची मापं? तुमच्या घरगुती भांडणापायी?"

हे वाक्य सरांनी बोलायला नको होतं. तोफ म्हणतात ते उगाच नाही. "घरगुती? सर, ही नळी आपण कशाकशापासून सांभाळली? लिफ्टपासून सांभाळली, रस्त्यापासून सांभाळली, भिंतीतल्या तारेपासून सांभाळली. बाहेरचं काही आत येऊ नये म्हणून तीन थरांचं कवच घातलं. आणि गळती निघाली ती माझ्या स्वयंपाकघरात. गळती घरात झाली म्हणून ती गळती नाही, असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय ते दाखवा, मी आत्ता गप्प बसते."

सर खाली बसले. पोटातला गोळा त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. "शोधनिबंधात काय लिहायचं?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं. "तांत्रिक कारणामुळे आधीची मापं वगळली, असं लिहू."

"एका सहकाऱ्यानं छाननी संपण्याआधी झाकण उघडलं म्हणून वगळली, असं लिहायचं. आणि त्याच सहकाऱ्याचं नाव लेखकांत ठेवायचं नाही. माझं ठेवा, पण छाननीतून मी आजपासून बाहेर. नवी मापं घ्यायची, नवं झाकण घालायचं, आणि ते शंका घालेल, तिच्या कुलपानं. मी फक्त यंत्र चालवीन."

मुनी दारातून म्हणाला, "बरोबर आहे." त्या दिवसातलं त्याचं तेवढंच वाक्य. तिनं वळूनही पाहिलं नाही.

ती खाली गेली, विद्यापीठाला फोन केला आणि सांगितलं की मला अजून वर्षाहून जास्त लागेल. पलीकडचा माणूस सभ्य होता. त्यानं सभ्यपणे सांगितलं की मग त्यांना दुसरा उमेदवार बघावा लागेल. तिनं फोन ठेवला आणि पंपाचं तेल बदलायला बसली.

नवऱ्याला सरांनी वर पाठवलं, पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायला. तळघरात त्याला यायची बंदी. घरात मात्र बंदी कशी घालणार? पहिल्या दिवशी त्यानं कपाटं उघडी ठेवली. "नाटक करू नकोस," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी बंद केली. "परत दया?" ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी तो ओट्यापुढे नुसता उभा राहिला, हात बाजूला सोडून, दाराला हात लावायचा की नाही ते न सुचून. तेव्हा तिनं प्रयोगशाळेतून आणलेला पाना-पेचकस काढला, स्टुलावर चढली, आणि एकेका दाराचे बिजागर सोडवून सगळी दारं पलंगामागे नेऊन उभी केली. कप, बरण्या, डबे सगळे उघड्यावर आले.

सासूबाई म्हणाल्या, "हे स्वयंपाकघर आहे की वाण्याचं दुकान?"

"दारं नसली की ती काही सांगत नाहीत, आई."

सासूबाईंनी सुनेचं कधी नव्हे ते ऐकून घेतलं. त्या दिवसापासून त्यांनी दारातला प्रश्नही बंद केला. मुलाशी मात्र त्या बोलायच्या, आणि नको तेवढ्या बोलायच्या. "लोक बायकोच्या पर्समध्ये डोकावतात, फोनमध्ये डोकावतात. माझा मुलगा इलेक्ट्रॉनमध्ये डोकावला. कुठे तोंड दाखवू मी?"

ती वर्षभर तळघरात मापं घेत राहिली. शंका भिंतीपलीकडच्या खोलीत छाननी करायची. दोघी डबा वेगवेगळा खायच्या. जिन्यात समोरासमोर आल्या तर ताई हवेबद्दल बोलायची आणि शंका "कशावरून?" विचारायची नाही. आपल्या हातचं काम दुसऱ्याच्या हाती देऊन भिंतीला कान न लावता बसायचं, याचा तिला किती जाच झाला ते तिलाच ठाऊक. एकदा पंप बंद पडला तेव्हा तिनं त्याला लाथ मारली आणि अंगठा सुजवून घेतला. कधी कधी तिला वाटायचं, माझा अंदाज चुकलाही असेल. नवऱ्याला दुसरंच काही झालं असेल. नवी मापं आहेत, नवी सुरुवात आहे, कुणी सांगावं? असं वाटलं की ती स्वतःवरच चिडायची, कारण मनात आशा ठेवून यंत्राला हात लावणं हीसुद्धा गळतीच.

रागही गेला नाही. लोक म्हणतात काळ जातो तसा राग निवतो. तिचा निवला नाही, मुरला. नवऱ्याशी ती बोलायची ते पाणी आलं का, आईंच्या गोळ्या आणल्या का, एवढंच. तो हो किंवा नाही म्हणायचा. भांडणं पूर्ण थांबली होती. त्या घरातली शांतता तिला सुट्टीच्या दिवसासारखी डोकं दुखवायची.

शेवटी शंकेनं सांगितलं की छाननी संपली, आता अक्षरही बदलणार नाही.

झाकण उघडायला सगळे वरच्या मोठ्या खोलीत जमले. सर नवा शर्ट घालून आले होते.  ताई मागे भिंतीला टेकून उभी राहिली. शंकेनं सगळ्यांकडे पाहून घेतलं आणि बटण दाबलं. पडद्यावरचा ठिपका सरकला, आणि शून्याच्या रेषेवर जाऊन नेमका बसला.

इलेक्ट्रॉन गोल होता. जितकं बारीक त्यांना बघता येत होतं तितकं बघूनही गोल.

खोलीत कुणीतरी श्वास सोडला. शंका रडायला लागली. सर पुढे होऊन म्हणाले की शून्य हेही उत्तर आहे, इतक्या बारकाईनं इथे कुणी पाहिलं नव्हतं, वगैरे, आणि ते सगळं खरं होतं. आणि मग सगळ्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं. एकेका चेहऱ्यावर तीच माया. कुणी खुर्ची पुढे केली, कुणी पाण्याचा पेला. सरांनी खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही आता थोडे दिवस विश्रांती घ्या," ते म्हणाले.

ती पडद्याकडे बघत होती आणि तिला काहीच होत नव्हतं. रडू नाही, धक्का नाही, वाईटसुद्धा नाही. तिचं वाईट वाटून झालं होतं, फ्रिजपाशी, डोळे मिटून, वर्षापूर्वी. इतकी माणसं आत्ता, या क्षणी, पहिल्यांदा काहीतरी बघत होती, आणि ती एकटी शिळं बघत होती. तेव्हा तिला असा राग आला की पेला धरलेला हात पांढरा पडला. तिनं पाणी न पिता पेला खाली ठेवला, शंकेच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, आणि घरी निघाली.

गाडी चालवताना तिनं नवऱ्याला काय काय बोलायचं ते सगळं जुळवलं. आता बोलायला काही आडकाठी नव्हती. सगळं उघडं झालं होतं.

दारात सासूबाई होत्या. त्यांनी सुनेचा चेहरा बघितला, काही विचारलं नाही, आणि वाटेतून बाजूला झाल्या. ती तरातरा स्वयंपाकघरात शिरली. नवरा ओट्यापाशी चहा करत पाठमोरा उभा होता. "तुला सांगते," ती म्हणाली आणि त्याच्याकडे एक पाऊल पुढे टाकलं.

दाराचा कोपरा थेट कपाळावर बसला.

वर्षभर कपाटांना दारं नव्हती, त्यामुळे मान वाकवायची सवयच गेली होती. तिनं कपाळ धरून वर पाहिलं. सगळी दारं परत बसवलेली होती. एक तर उलटं बसवलेलं, मूठ बिजागराच्या बाजूला. आणि सगळीच्या सगळी सताड उघडी.

"दारं लावताना हात झिजतात का रे तुझे?" ती ओरडली.

तो वळला. त्याचा चेहरा पार उतरलेला होता, डोळे लाल होते. पण आवाज चढवून तो म्हणाला, "बघून चालायला डोळे झिजतात का तुझे?"

"उलटं बसवलंयस ते!"

"मग तू बसवायचं होतंस! पेचकस कुठे लपवून ठेवलास ते शोधण्यात माझा अख्खा दिवस गेला!"

"मूर्ख!"

"मूर्ख तर मूर्ख!"

ती खाली जमिनीवर बसली आणि रडायला लागली. रडली म्हणजे चांगली हुंदके देऊन रडली, पदरात नळ सुटल्यासारखी. तो जवळ आला नाही, खांद्यावर हात ठेवला नाही, बस म्हणाला नाही. चहा गाळला, तिच्या बाजूला जमिनीवर ठेवला, झाकण न घालता, आणि समोरच्या भिंतीला टेकून खाली बसला.

"काय आलं?" बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं.

"तुला माहीत आहे."

"जुनं माहीत होतं. नवं कुणी मला सांगितलं नाही."

तिनं नाक पुसलं. "शून्य."

"अरेरे," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज फाटला.

तिनं त्याला माफ केलं नाही. आजही विचारा, ती सांगेल, नाही केलं, आणि करणारही नाही. आणि त्या दिवशी ती रडली ते दाराचा कोपरा लागला म्हणून, असंही सांगेल. टेंगूळ मोठं आलं होतं, हे मात्र खरं. दुसऱ्या दिवशी तळघरात सगळ्यांनी ते बघितलं. एकट्या शंकेनं विचारलं, "ताई, हे कशावरून?"